घरकामाचा अभ्यास करायचा आहे, सुरुवात कुठून करू?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत कारकून आहे. बी.कॉम. होऊन वीस वर्षं झाली. पहाटे उठून घरचं सगळं आवरून कामावर जाते, आल्यावर पुन्हा तेच. नणंद नोकरी करत नाही. लोक म्हणतात ती घरीच असते, आणि तीही तेच सांगते. हे असं का, याचा मला नीट अभ्यास करायचा आहे, नुसत्या चर्चेचा कंटाळा आलाय. समाजशास्त्राची पुस्तकं आणली, पण दहा पानांपुढे गाडी सरकत नाही. एम.ए.ला प्रवेश घेऊ का?"

पुस्तकं पुढे सरकत नाहीत यात तुमचं काही कमी पडत नाही. पाठ्यपुस्तक विषयाच्या क्रमाने लिहिलेलं असतं: आधी समाजशास्त्राची व्याख्या, मग ते कुणी सुरू केलं, मग त्यातले विचारप्रवाह. तुमचा प्रश्न त्यात कुठेतरी कुटुंबाच्या प्रकरणात दीड पानात उरकलेला असतो. प्रश्न हातात असलेल्या माणसाने तिथवर पोचायची वाट का बघायची?

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते आणि बरीच वर्षं संध्याकाळी मोठ्या माणसांचा अभ्यासवर्ग घेते. अंगणवाडी सेविका येतात, एसटीचे वाहक येतात, किराणा दुकानदार, निवृत्त शिक्षक, गृहिणी येतात. यातले जे आधी आपल्या प्रश्नाची माहिती स्वतः गोळा करतात आणि मग पुस्तकाकडे वळतात, ते टिकतात. पुस्तकातलं वाक्य कशाबद्दल आहे हे त्यांना आधीच माहीत असतं. तेव्हा तुमचाच प्रश्न घेऊन ही वाट दाखवते. उत्तर लांबेल, पण हा विषय मला फार जवळचा आहे.

आधी प्रश्न लहान करा. "हे असं का" यात लग्न आलं, मालमत्ता आली, जात आली, मुलींना लहानपणापासून लावलेलं वळण आलं. एवढं सगळं एकदम हाती लागत नाही. त्याऐवजी विचारा: काल आमच्या घरात कुणी, किती वेळ, काय केलं? याचं उत्तर तीन-चार दिवसांत मिळतं, आणि ते कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली जानेवारी ते डिसेंबर असं वर्षभर देशव्यापी वेळवापर सर्वेक्षण केलं. त्यांची नोंदीची पद्धत घरी सहज वापरता येते. दिवस पहाटे चारला सुरू करायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारला संपवायचा. त्याचे अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने पाडायचे. दहा मिनिटं किंवा जास्त चाललेलं काम लिहायचं. एकाच अर्ध्या तासात दोन-तीन कामं झाली असतील तर तीही लिहायची. तुम्ही एक कामाचा दिवस, एक रविवार आणि जमलंच तर एक सणाचा दिवस धरा. घरातल्या प्रत्येकाने आपापली नोंद करावी. ज्यांना लिहायचा कंटाळा त्यांना त्याच रात्री विचारून तुम्ही लिहा. आठवड्यानंतर आठवून लिहिलेल्या नोंदीत फक्त मोठी कामं उरतात.

विचारायचं कसं, हे सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या वर्गातल्या एका बाईंनी दुपारी दोन ते चार या चार रकान्यांत मिळून लिहिलं होतं, "काही नाही". शेजारी बसलेल्या अंगणवाडी सेविकेला घरोघरी जाऊन माहिती विचारायची सवय. तिने "काय केलं" असं विचारलंच नाही. तिने विचारलं, "दोन वाजता कुठं बसला होता?" उत्तर आलं, मागच्या पडवीत. "हातात काय होतं?" सूप होतं. मग एकेक बाहेर पडत गेलं. दळणाचे गहू निवडून झाले होते. मधे उठून वाळत घातलेल्या डाळीवर हात फिरवला होता. सासूबाईंना तीनची गोळी दिली होती. गॅसचा सिलिंडर आला तेव्हा जुना बाहेर सरकवून पैसे दिले होते. शाळेतून नातू आला, त्याला खायला दिलं. "काही नाही" या दोन शब्दांत एवढं सगळं दडलेलं होतं, आणि लिहिणाऱ्या बाईंनी काही लपवलं नव्हतं. त्यांच्या लेखी ते खरोखरच नोंद करण्याजोगं नव्हतं.

हा अनुभव आला की जनगणनेतली एक गोष्ट चटकन समजते. "तुम्ही काम करता का?" असं विचारलं की शेतात राबणाऱ्या बायकासुद्धा "नाही" म्हणायच्या. म्हणून १९९१ च्या जनगणनेत कामाविषयीच्या प्रश्नातच शेतावरच्या किंवा घरच्या धंद्यातल्या बिनपगारी कामासह असा खुलासा घालण्यात आला. प्रश्नातले शब्द बदलले की उत्तर बदलतं, आणि उत्तरं बदलली की देशात काम करणाऱ्या बायका किती याचा आकडा बदलतो. तुमची नणंद "घरीच असते" म्हणते तेव्हा तिला काय विचारलं गेलं होतं, हे आधी पाहा.

आमच्या वर्गाने सरकारी नमुन्यात एक रकाना स्वतःचा घातला: हे कुणाच्या लक्षात होतं? बाळाला डोस द्यायला वडील दवाखान्यात घेऊन गेले, तो पाऊण तास त्यांच्या नावावर लागतो आणि तो लागलाच पाहिजे. पण तारीख कुणाच्या डोक्यात होती, कार्ड कुठल्या कप्प्यात आहे हे कुणाला ठाऊक होतं, डोसानंतर ताप येईल म्हणून औषध कुणी आणून ठेवलं, हे मिनिटांत बसत नाही. हा रकाना भरताना घराघरांत खरी बोलणी होतात. तुम्हीही तो ठेवा.

आता पुस्तकाकडे, खरं तर एका तक्त्याकडे वळा. २०१९ च्या त्या सर्वेक्षणातला सगळ्यात गाजलेला आकडा असा: घरातल्यांसाठी केलेल्या बिनपगारी घरकामात बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि पुरुषांचे ९७ मिनिटं. म्हणजे साधारण पाच तास आणि दीड तास, तिप्पट फरक. वर्तमानपत्रांनी हेच छापलं. तुमची वही शेजारी ठेवून हा आकडा वाचा आणि थांबा. तुमच्या ओळखीतले किती पुरुष रोज दीड तास घरकाम करतात?

तक्त्याच्या मथळ्यात याचं उत्तर आहे. ही सरासरी फक्त त्या दिवशी घरकामात भाग घेतलेल्यांची आहे. त्या दिवशी घरकामाला हात लावणाऱ्या बायका होत्या ८१.२ टक्के आणि पुरुष २६.१ टक्के. म्हणजे दर चार पुरुषांतल्या साधारण तिघांनी काहीच केलं नव्हतं आणि ते या सरासरीत धरलेलेच नाहीत. सगळ्यांना धरून सरासरी काढली तर बायकांची होते २४३ मिनिटं आणि पुरुषांची २५. तिप्पट फरक एकदम जवळजवळ दहापटीवर जातो. दोन्ही आकडे खरे आहेत, एकाच सर्वेक्षणातले आहेत, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. पहिला सांगतो, जे पुरुष करतात ते किती वेळ करतात. दुसरा सांगतो, समाजातल्या एकूण घरकामाचा भार कसा वाटला गेलाय. मी वर्गात हा गुणाकार फळ्यावर सगळ्यांकडून करून घेते: २९९ गुणिले ०.८१२, ९७ गुणिले ०.२६१. एरवी तक्ता दिसला की पान उलटणारी माणसं हा गुणाकार केल्यावर तक्त्याच्या तळटिपा आधी वाचू लागतात. तुम्ही तर बी.कॉम. आहात, पतसंस्थेत रोज खतावण्या ताळ्याशी लावता. तक्ते वाचायला तुम्हाला कुणी शिकवायची गरजच नाही. ते तुमचं बलस्थान आहे, समाजशास्त्राच्या पुष्कळ विद्यार्थ्यांकडे ते नसतं.

पुढचं सर्वेक्षण २०२४ साली झालं. त्यात भाग घेणाऱ्या बायकांचे घरकामाचे मिनिट २९९ वरून २८९ वर आले. "बायकांचा भार कमी झाला" असं म्हणायला लोक पुढे सरसावले. पण त्याच ओळीत पुरुषांचे मिनिट ९७ वरून ८८ वर आलेत. दोघांमधलं अंतर २०२ होतं ते २०१ झालं. गॅस, नळ, मिक्सर यांनी काम थोडं आटलं असेल, पण जे उरलं त्याची वाटणी जागची हललेली दिसत नाही. आणि हेही फक्त भाग घेणाऱ्यांचे आकडे, तेव्हा घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची टक्केवारी किती सरकली ते शेजारच्या तक्त्यात बघूनच काय ते बोलायचं.

इथपर्यंत आलात की स्वाभाविक प्रश्न येतो: यातलं काम कशाला म्हणायचं? जेवण करणं काम, मग जेवणं? नातवाला खेळवणं काम की आनंद? इथे मला मार्गारेट रीड या अमेरिकन अर्थतज्ज्ञ बाईंचं मोल वाटतं. १९३४ साली त्यांनी एक साधी कसोटी मांडली: जे करायला पैसे देऊन दुसरं माणूस ठेवता येईल ते काम. स्वयंपाकाला बाई ठेवता येते, म्हणून स्वयंपाक हे काम. तुमच्याऐवजी दुसरं कुणी जेवून तुमचं पोट भरणार नाही, म्हणून जेवणं हे काम नव्हे. ही कसोटी घेऊन तुमच्या वहीतल्या ओळी एकेक तपासा. नव्वद टक्के ओळींचा निकाल लगेच लागतो. उरलेल्या ओळींवर खरी चर्चा होते. आमच्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवावर चांगलीच जुंपली होती. तयारी करणं काम हे सर्वांना मान्य. पण शेजारणींकडे जाऊन बसणं? एकीचं म्हणणं, तो माझा वेळ, मला मोकळं वाटतं. दुसरी म्हणाली, गेलं नाही तर सासूबाई विचारतात, म्हणजे मी घराच्या वतीने हजेरी लावायला जाते, आणि तिथे पैसे देऊन कुणाला पाठवता येत नाही. रीडबाईंच्या कसोटीत हे दुसरं उत्तर बसत नाही. कसोटी कुठे तोकडी पडते हे पुण्या-मुंबईच्या परिसंवादात न जाता एका घरगुती बैठकीत सापडलं, याचा मला आजही आनंद वाटतो.

आता देशाचा हिशेब काय म्हणतो ते पाहा, कारण राष्ट्रीय उत्पन्नाचे नियम वाचल्याशिवाय "गृहिणीचं काम धरत नाहीत" ही तक्रार अर्धवट राहते. संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या हिशेबपद्धतीत घरच्या वापरासाठी वस्तू तयार केली तर ते उत्पादन धरतात, घरच्या वापरासाठी सेवा केली तर धरत नाहीत. पाणी आणि सरपण घरी आणणं हे वस्तूंमध्ये येतं. स्वयंपाक, झाडलोट, मुलं सांभाळणं हे सेवांमध्ये. म्हणजे माण तालुक्यातली बाई टँकरवरून हंडा भरून घरी आणते तोवर ती नियमाप्रमाणे उत्पादन करत असते. त्याच पाण्याचं आधण ठेवून भात शिजायला टाकला की ती उत्पादनाच्या हद्दीबाहेर गेली. आणि याला एक मोठा अपवाद आहे: स्वतःच्या घरात राहणाऱ्याने स्वतःलाच भाडं दिलं असं मानून त्या घराचं भाडं मात्र राष्ट्रीय उत्पन्नात धरतात. घराच्या भिंतींनी दिलेली सेवा मोजली जाते, त्या भिंतींच्या आत राबणाऱ्या बाईची नाही. आर्थर पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्येच दाखवलं होतं की एखाद्याने पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केलं तर राष्ट्रीय उत्पन्न घटतं. शंभर वर्षं झाली तरी मूळ नियम तोच आहे. नियमामागची कारणंही वाचा. घरची सेवा विकली जात नाही, तिचा भाव लावणं कठीण, आणि ती धरली तर बेरोजगारी, महागाई यांचे अंदाज करणं अवघड होईल असं हिशेबतज्ज्ञ म्हणतात. मला ही कारणं पुरेशी वाटत नाहीत, पण ती खोडायची असतील तर आधी माहीत हवीत.

श्रमशक्तीच्या सर्वेक्षणात अजून एक नियम आहे. तिथे प्रत्येक व्यक्तीला एक सांकेतिक क्रमांक देतात. ९२ म्हणजे फक्त घरकाम करणारी. ९३ म्हणजे घरकामाबरोबर घरच्या वापरासाठी सरपण, रानभाजी, वैरण गोळा करणारी किंवा शिवणकाम वगैरे करणारी. दोन्ही क्रमांक श्रमशक्तीच्या, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या लोकांच्या, बाहेर. पहिल्या नियमाप्रमाणे मोळी आणणारी बाई उत्पादन करते, दुसऱ्या नियमाप्रमाणे ती कामगार नाही. तुमची नणंद यात कुठे बसते ते बघा. तिच्या परसात भाजी असेल, ती ब्लाउज शिवत असेल, तर नुसतं ९२ लिहून भागणार नाही. आणि शिवलेले ब्लाउज शेजारणींना पैसे घेऊन देत असेल तर तिची जागा तिसऱ्याच ठिकाणी, श्रमशक्तीच्या आत आहे.

हे सगळं कागदावरचं भांडण आहे असं कुणी म्हणालं तर त्यांना जानेवारी २०२१ मधला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल सांगा. दिल्लीत २०१४ साली मोटारसायकलवरून जाणारं जोडपं अपघातात गेलं, मागे लहान मुली राहिल्या. आई गृहिणी होती. तिच्या जाण्याची भरपाई कशी ठरवायची? न्यायमूर्ती एन. व्ही. रमणा यांनी आपल्या मतात वर सांगितलेलं वेळवापर सर्वेक्षणच उद्धृत केलं, २९९ आणि ९७ मिनिटं हे आकडे दिले, आणि गृहिणीचं मानीव (हातात न येणारं, पण हिशेबासाठी मानलेलं) उत्पन्न धरणं म्हणजे तिच्या कामाला मान्यता देणं असं म्हटलं. अर्ध्या तासाच्या रकान्यांत कुणीतरी भरलेली माहिती अशी एका घरच्या मुलींच्या भरपाईपर्यंत पोचते.

किंमत लावायचं म्हटलं की मात्र दोन वाटा फुटतात. एक, बाजारात हेच काम करून घ्यायला किती द्यावं लागेल ते धरायचं. दुसरी, ती बाई हाच वेळ बाहेर कामाला गेली असती तर किती मिळवलं असतं ते धरायचं. दुसऱ्या वाटेने गेलं तर डॉक्टर बाईची पोळी महाग आणि शेतमजूर बाईची भाकरी स्वस्त ठरते, काम तेवढंच असून. पहिल्या वाटेने गेलं तर गावातला मोलकरणीचा पगार सगळ्यांच्या घरकामाची किंमत ठरवतो, आणि तो पगार कमी का आहे हा प्रश्न तसाच राहतो. माझं मत पहिल्या वाटेकडे झुकतं, पण त्या शेवटच्या प्रश्नाकडे डोळेझाक न करता.

कारण तुमच्या अभ्यासात कामवाली बाई यायलाच हवी. तुमच्या किंवा शेजारच्या घरी धुणंभांडी करणाऱ्या बाईंचीही वही भरा, अर्थात त्यांना वेळ असेल आणि त्यांची मर्जी असेल तर. चार घरची भांडी झाल्यावर त्यांच्या स्वतःच्या घरची भांडी कोण घासतं? पुष्कळदा त्यांची थोरली मुलगी. म्हणजे तुमच्या वहीतून जी दोन मिनिटं, दोन तास कमी झाले ते नाहीसे झाले नाहीत, ते दुसऱ्या घरातल्या मुलीच्या अभ्यासाच्या वेळेतून आले. "बायकांचं काम" असं सरसकट बोललं की ही गोष्ट दिसत नाही. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, त्यातून संघटना उभी राहिली, आणि २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. घरकामाला काम म्हणा ही मागणी इथे ज्यांनी रस्त्यावर येऊन केली त्या या बायका. गृहिणींच्या प्रश्नाचा अभ्यास यांना वगळून झाला तर तो अर्धाच झाला.

एवढ्या थोड्या घरांवरून काही कळतं का, अशी शंका तुम्हाला येईल. देशाबद्दल विधान करायला ही माहिती पुरणार नाही, हे खरं. पण ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ॲन ओकली यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमधल्या फक्त ४० गृहिणींच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. घरकामाकडे त्यांनी कारखान्यातल्या कामाकडे पाहावं तसं पाहिलं: किती तास, किती एकसुरी, किती एकटेपणा, कोणतं काम आवडतं, कोणतं नकोसं. आठवड्याला सरासरी ७७ तास निघाले. तोवर समाजशास्त्रात घरकाम हा कुटुंबजीवनाचा भाग होता. ओकलींनंतर ते कामाच्या अभ्यासात आलं. थोड्या घरांतून किती प्रमाणात हे ठरत नाही, पण काय चाललंय आणि कसं, हे मात्र उलगडतं. तुम्ही दहा घरांची माहिती नीट घेतलीत तर तालुक्यात ती दुसऱ्या कुणाकडेही नसेल.

आता तुमचा मूळ "का". वही भरून झाल्यावर त्याचा आकार बदललेला असेल. नोकरी करूनही तुमचे तास कमी होत नाहीत, हा एक प्रश्न. नणंद दिवसभर राबूनही स्वतःच "मी काही करत नाही" म्हणते, हा दुसरा. दुसऱ्याचं मला पटलेलं उत्तर अमर्त्य सेन यांच्या १९९० च्या एका लेखात मिळतं. त्यांचं म्हणणं असं की घरात सहकार्यही असतं आणि हितसंबंधांचा संघर्षही, दोन्ही एकाच वेळी. त्यात कुणाचं पारडं जड राहील हे तीन गोष्टींवर ठरतं: घर मोडलं तर कोण किती उघड्यावर पडेल, स्वतःचं हित म्हणजे काय हे त्या व्यक्तीला किती स्पष्ट दिसतं, आणि घरात तिचा वाटा किती आहे असं सगळ्यांना वाटतं. तिसऱ्यात मेख आहे. वाटा किती आहे यापेक्षा तो किती वाटतो याला वजन. घरात येणारा पैसा दिसतो, निवडलेले गहू दिसत नाहीत, अगदी निवडणारीलासुद्धा.

सेन यांच्या पहिल्या मुद्द्याला अर्थशास्त्रज्ञ बिना अगरवाल यांनी जमिनीची जोड दिली. बाईच्या नावावर जमीन किंवा घर असेल तर घरातल्या बोलण्याचा तोल बदलतो, असं त्यांनी दक्षिण आशियाभरच्या माहितीवरून मांडलं. हे तुम्हाला गावात तपासता येईल. सातबाऱ्यावर आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नाव कुणाचं आहे ते बघा. महाराष्ट्राने १९९४ मध्येच हिंदू वारसा कायद्यात, तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा हक्क देणारी दुरुस्ती केली, देशपातळीवर ती २००५ मध्ये आली. कायदा होऊन इतकी वर्षं झाली, मग तुम्ही पाहिलेल्या दहा घरांत किती बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही केली? हा तुमचा पुढचा अभ्यास होऊ शकतो, आणि पतसंस्थेत बसणाऱ्या माणसाला यातली कागदपत्रं वाचायला अडचण नाही.

साधनांचं थोडक्यात. अकरावी-बारावीची समाजशास्त्र आणि अर्थशास्त्राची मराठी पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, ती मोठ्यांनी वाचण्यात काहीही कमीपणा नाही, पण सलग वाचू नका. तुमच्या प्रश्नाचं प्रकरण काढून वाचा. मराठी विश्वकोशातल्या नोंदी चांगल्या आणि मोजक्या आहेत. इंग्रजी अहवाल वाचताना शब्द अडला तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत. वेळवापर सर्वेक्षणाचे अहवाल केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात. त्यातलं व्याख्यांचं प्रकरण आधी वाचा, मग तक्ते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं पाठ्यसाहित्य ई-ज्ञानकोशवर सगळ्यांना खुलं आहे. समाज प्रबोधन पत्रिकेसारखं नियतकालिक जिल्हा ग्रंथालयात मिळालं तर चाळा. ते जड वाटेल, पण तुमच्या प्रश्नाजवळचा एखादा लेख सापडला की सोडू नका.

एम.ए. करायचं ते पदवीची गरज असेल तर करा: बढतीसाठी, शिकवायला जायचं असेल तर, किंवा कुणीतरी मागे लागल्याशिवाय अभ्यास होत नाही असा स्वभाव असेल तर. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची सोय नोकरी करणाऱ्यांना सोयीची पडते. पण परीक्षेचा अभ्यास तुमच्या प्रश्नासाठी थांबत नाही. पहिलं वर्ष तुमच्या वहीला द्या, असं मी सुचवेन. सोबत चार-पाच माणसं जमवा, त्यात एक-दोन पुरुष हवेतच, आणि महिन्यातून एकदा फक्त एक तक्ता किंवा एक नोंद समोर ठेवून बसा. चहा झाला की लगेच सुरू करा, नाहीतर गप्पांतच वेळ जातो.

एक गोष्ट कळकळीने सांगते. आपल्याच घराचा अभ्यास करताना माहिती ही हत्यार होऊ शकते. नवऱ्याला वही दाखवून "बघ, तुझे फक्त वीस मिनिटं" म्हणालात की तिथे अभ्यास संपला, दुसऱ्या दिवसापासून कुणी खरं लिहिणार नाही. आधी सांगा की हे कशासाठी चाललंय, नको म्हणण्याचा हक्क द्या, आणि कुणी एखादी ओळ खोडायला सांगितली तर खोडा. शेजारच्या घरांची माहिती असेल तर नावं लिहू नका. छोट्या गावात आडनाव, गल्ली आणि मुलांची संख्या एवढ्यावरून माणूस ओळखता येतं, तेव्हा तेही बदला. कामवाल्या बाईंकडून माहिती घेताना त्यांचा वेळ तुमच्या कामात जातोय हे लक्षात ठेवा आणि त्या वेळेचे पैसे द्या. नणंदेची वही तिच्याकडेच राहू द्या. तुम्हाला लागतील तेवढे आकडे तिच्या परवानगीने उतरवून घ्या, आणि घरात ते कुणाला सांगायचे, कधी सांगायचे, हे तिचं तिला ठरवू द्या.